पावणेदोन गाणी

खांबेट्याच्या स्वयंपाकघरात
कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो
आणि त्याच चौकटींत हिरव्या पेनानं
तीस जानेवारी: लंडनची गच्ची, शेवटचं वाजवलं, छप्पन्न वर्षं.
पितृपक्षाच्या अलीकडे-पलीकडे
एक डावखुरा गिटारवाला, वय सत्तावीस.
त्याच्या नावानं खांबेटे गच्चीत भाताची मूद ठेवतो.
वहिनी विचारते, हा आपल्या कुठल्या गोत्रातला?
कावळा येतो.
सदाशिव पेठेतल्या कावळ्याला सगळं चालतं.

सतरा डिसेंबरला मात्र नुसतं ‘अर्धा लिटर’.

पंच्याऐंशी साल. कॅम्पातल्या शाळेचा हॉल,
चाळीस खुर्च्या, अकरा माणसं,
त्यातला एक वॉचमन.
सोराबचे ड्रम वरातीच्या बँडकडून भाड्यानं आणलेले,
त्यांवर अजून कुणाच्या तरी लग्नाचा गुलाल.
बेसवर मी. एकच सूर धरून, भिंत धरावी तसा.
पहिलं गाणं पार पडलं.
दुसऱ्यात, खांबेटे डोळे मिटून वर चढत असताना,
लाइट गेले.
गिटार मेली, मी मेलो,
सोराब काळोखात वाजवत राहिला
किती वेळ, यावर आमचं अजून भांडण आहे.

आता सोराब पर्थला. फोन उचलत नाही.
दरवर्षी सव्वाआठला मी जातो,
खांबेटे काही न बोलता मेन स्विच खाली ओढतो,
आणि आम्ही डायनिंग टेबलाशी बसतो
राहिलेलं पाव गाणं आठवत.
शेवट कसा होता, दोघांनाही ठाऊक नाही.

आतून वहिनी:
झालं का? फ्रिजमधलं दूध नासेल.