दुसरं बटण

हिलाल पाटील बेटावदहून फ्रेम घेऊन आला
खताच्या रिकाम्या गोणीत, वरून टॉवेल बांधून,
अमळनेर स्टेशनापासून छातीशी धरून चालत,
जशी आजारी शेळी आणावी.
काच काढायला गेलो, म्हणाला,
तर आजाचा कान काचेला लागून आला.

बरं झालं थांबलास.
आपल्याकडचा मे महिना कागदालाही घाम फोडतो.
वीस-पंचवीस उन्हाळे गेले
की फोटो आणि काच एकमेकांना सोडत नाहीत.
ओढायचं नाही.
काचेसकट टेबलावर घ्यायचं,
दोन्ही बाजूंनी तिरपा उजेड,
आणि काचेतूनच मागायचं, देतील ते.

स्क्रीनवर लोटन पाटील मोठे झाले.
कपाळावरून कसर चालत गेलेली,
मोरीच्या भिंतीची ओल गुडघ्यापर्यंत,
कडांना चांदी चढलेली,
कुणीतरी मायेनं लावलेली चिकटपट्टी, आता हळदीच्या रंगाची.
शेजारी खुर्चीत बायको, पदराआडून एकच डोळा, तो मात्र लख्ख.
आणि कोट.

हाऊ कोट आमना आजाना शे, हिलाल म्हणाला.
इंदूरमा शिवेल व्हता.

मी झूम केलं.
वरून दुसरं बटण नाही.

तो कोट आमचा.
अण्णांनी धुळ्याच्या बाजारात जुन्यात घेतलेला,
डार्करूमच्या दारामागे खिळ्याला असायचा.
लगीनसराई संपली की आई तो गच्चीवर उन्हात झोडपायची,
खिशात कडुनिंबाचा पाला भरायची.
मारवडच्या भिला शिंप्यानं तो घातला,
जन्मभर दुसऱ्यांचे कोट शिवून.
आधार मिस्तरीचे हात त्यात मावेनात,
म्हणून त्याचे हात पाठीमागे.
लोटन पाटलांना ढगळ झाला असणार;
मग मागून कपड्यांचे चिमटे, चार.
समोरून साहेब,
मागून दोरीवर वाळत घातलेला माणूस.

बारा वर्षांत पाच घरांतून तो माझ्याकडे परत आला.
कधी सुरतेचा, कधी मिलिटरीतला,
एकदा तर कलेक्टरानं स्वतः दिलेला.
मी बोललो नाही.
एकदा तोंडाशी आलं होतं, पातोंड्याच्या एका जावयापुढे,
पण त्याच्या सासूनं स्क्रीनवर बोट ठेवलं,
नेमकं कोटाच्या खिशावर,
आणि बोट तिथंच राहू दिलं.

आई म्हणायची, बटण लावून टाका ना एकदाचं.
अण्णा म्हणायचे, हात छातीवर ठेवायला सांगतो मी. झाकतं.
म्हणून आमच्या गावचे निम्मे आजोबा
छातीवर हात ठेवून बसलेत,
आणि नातवंडं म्हणतात, काय रुबाब होता.
लोटन पाटलांनी ऐकलं नाही.
त्यांनी हात बायकोच्या खुर्चीवर ठेवला.

कान बसवला. कपाळ भरलं.
चिकटपट्टीचा डाग उतरवायला दोन रात्री गेल्या.
हिलाल मागे उभा राहून बघत होता, चहा निवला.
मग म्हणाला, तेवढं बटन लाई दे, भाऊ.

पहिलं उचलून दुसऱ्या जागी ठेवणं
एका चुटकीचं काम.
पण मला ठाऊक होतं ते कुठं आहे.
अण्णांच्या रिटचिंगच्या पेन्सिलींचा पत्र्याचा डबा,
बोथट ब्लेडांच्या खाली.
काळं, चार भोकांचं, एका कडेला टवका.
ते टेबलावर ठेवलं,
खिडकी अण्णांच्या फोटोत होती त्या बाजूला, डावीकडे.
फोटो काढला, बारीक केला,
कोटावर नेऊन ठेवलं, वर थोडा जुना दाणा पसरला.

काच टाकू नकोस, हिलालला सांगितलं.
चुलीच्या भिंतीला लावू नकोस.
आणि कुणी कितीही म्हणो, लॅमिनेशन नाही.
तो हो हो म्हणत गोणी बांधत होता.

रात्री दुकान आवरताना फाईल पुन्हा उघडली.
बटण चांगलं बसलं होतं, सावली पडत होती.
चार भोकं.
दोरा राहिला.

आई असती तर तिनं आधी तेच बघितलं असतं.