मीठ, किंवा गाय

एन्त्रे रीओसच्या सपाट माळावर आमचं पत्र्याचं घर,
अठ्ठावीस गाई, आणि वडिलांचा नियम:
हात धुतल्यापासून पहिला घास गिळेपर्यंत
शब्द नाही.

खाण्याआधी देवाचे आभार, ब्रोखा.
सफरचंदाला झाडाची, कांद्याला मातीची.
केळं एवढं उंच लागतं, तरी मातीचीच;
त्याचं खोड टिकत नाही म्हणून.
पाण्याला, दुधाला,
आणि काय म्हणावं ते सुचेना अशा कशालाही:
ज्याच्या शब्दाने सगळं झालं, तो.
सातव्या वर्षी मला हे पाठ होतं.

त्या दुपारी स्टेशनावरून तार घेऊन धावत आलो
तेव्हा त्यांची पावावरची ब्रोखा नुकतीच म्हणून झालेली.
तुकडा हातात, ओठ मिटलेले.
मी दारात. हर्शेलचं नाव जिभेवर.

ब्रोखा आणि घास यांच्यामध्ये
बोलायची मुभा आहे थोडकीच:
मीठ मागावं,
किंवा जनावराला घातलं का, ते विचारावं.

त्यांनी माझे धुळीचे बूट पाहिले, मग खिसा.
“गाईंना चारा घातलास?”
मी मान हलवली.
“मीठ.”
देताना सांडलं.
ओल्या बोटाने त्यांनी दाणा न् दाणा टिपला,
तुकडा तोंडात घातला
आणि चावत राहिले, चावत राहिले,
ताजा पाव इतका वेळ कुणी चावत नाही.

मग गिळला.
“सांग आता.”

वाईट बातमीचीही ब्रोखा असते आमच्यात.
ती तेवढी
मला अजून कुणी शिकवली नव्हती.