साठवण

ऑस्त्रावात आठव्या मजल्यावर
डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो.
मग खोलीत उजेड उरतो तो तुझ्या टाकीचा,
साठ लिटर पाण्याचा,
ज्याचं वीजबिल मी तुला
महिन्याच्या महिन्याला मोठ्याने वाचून दाखवायचे.

तू गेल्यावर मासे वाटून टाकले, ओताकर.
तलवारशेपटे तुझ्या खाणीतल्या दोस्ताला,
काळ्या मॉली शाळेला.
एक गप्पी राहिली, करडी,
कुणी मागितलीच नाही म्हणून.
तिचा नर तुझ्या आठवडाभर आधी
उडी मारून रेडिएटरमागे वाळला होता.
मी झाडूने काढला,
तुला सांगितलं नाही.

जानेवारीत तिचं पोट फुगलं.
वाटलं, माझंच हाताचं माप चुकतंय.
दोघांचा स्वयंपाकही अजून
एकट्यापुरता होत नव्हता.
मग शेपटीकडचा डाग काळा झाला,
पोट खालून चौकोनी, पावाच्या लादीसारखं,
आणि ती कोपऱ्यात काचेला तोंड लावून
वरखाली, वरखाली.

तुझी वही काढली.
पाणी पंचवीस अंश.
आठवड्याला पाव भाग बदलणे, शिळं पाणी घालणे.
जाळीच्या डब्यात कोंडू नये, घाबरून अर्ध्यात टाकते.
शेवाळ भरपूर. दिवा बंद.
बघत बसू नये.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.
स्वतःवरच चिडून मारल्या असशील.

मी बघत बसलेच.
पहिली ट्राम वळली तेव्हा
तिच्यातून एक टिंब सुटलं,
बुडता बुडता त्याची गुंडाळी उलगडली:
दोन डोळे,
आणि दोन डोळ्यांना पुरेल एवढाच मासा.
थेट शेवाळात पळाला,
कुणी आधीच पत्ता दिल्यासारखा.
मग दुसरा. आठवा.
अकरावा तिने वळून खाल्ला.
मी काचेवर बोटं आपटली, अगं, अगं!
तिला काय त्याचं. रात्रभराची उपाशी.
सगळं उरकल्यावर तिला काढलं
आणि कोबीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत ठेवलं.

तेवीस उरले.
पण नर नाही, तर हे आले कुठून?
वहीचं पान एकोणचाळीस:
एकदा जवळ आलेलं मादी आत साठवून ठेवते.
नर नसला तरी पुढे चार-पाच वेळा विते.
हे तू माझ्याशी कधी बोलला नाहीस.
तू पाण्याच्या कडकपणाबद्दल बोलायचास,
जेवताना.

त्याच पानावर, खाली:
उकडलेल्या अंड्याचा बलक,
टाचणीच्या डोक्याएवढा,
जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून, दिवसातून चारदा.
म्हणजे माझे मोजे जायचे ते इथे!
एकोणीस वर्षं मी
धुलाईखोलीतल्या यार्मिलावर आळ घेतला,
लिफ्टमध्ये तिच्याकडे पाठ करून उभी राहिले,
आठ मजले, रोज.

फेब्रुवारीत सतरा.
मार्चात नऊ, त्यातलं एक वाकड्या पाठीचं,
तिसऱ्या दिवशी गेलं.
खालच्या दुकानातली थाओ येते,
तिच्या आईने मसाल्याची रिकामी बरणी दिलीय,
धुतली तरी दालचिनीचा वास येणारी.
बरणी मीच उकळली, दोन दिवस उन्हात ठेवली,
मग पिल्लं दिली.
यांचे बाबा कुठेत? तिने विचारलं.
मी म्हटलं, रेडिएटरमागे.
तिला ते उत्तर पुरलं.

आता एप्रिल सरत आला.
अठ्ठावीस दिवस होऊन गेले. एकतीस. चौतीस.
डाग खरंच काळा आहे
की मला तसा बघायचाय, कळत नाही.
पोट काय, वयानेही सुटतं.

आज लिफ्टमध्ये यार्मिलाला म्हटलं,
आठ वाजता ये, एक गंमत दाखवते.
ती दचकली. तिसरा मजला गेला,
चौथा गेला, मग म्हणाली,
काही आणू का?

काही नको. फक्त अंधारात बसावं लागेल.
अंडं उकडून ठेवलंय.
एक मोजा धुऊन दोरीवर टाकलाय.
जोडीतला दुसरा कुठे गेला
ते आता तू विचारू नकोस.