सहा दिवसांची वेणी

बस इथे, रिकाम्या पोत्यावर.
तोंड भिंतीकडे कर.
या धरणगावच्या जिनिंगमधला पहिला नियम
मुकादम सांगत नाही, मी सांगते:
मोकळे केस घेऊन पट्ट्याजवळ जायचं नाही.

तुझे दाट आहेत, जामली.
सातपुड्यातून उतरताना
बोराट्यांत अडकून आले असतील, गुंता तसाच आहे.
खालून सोडवत ये. टोकाकडून वर.
वरून ओढलंस तर फणीही तुटते आणि तूही.

तेल तिळाचं. थोडं.
सरकीचं नको, तिचा वास
इथे दिवसभर फुकट मिळतो.
मधून भांग, दोन भाग, भागाला तीन पेड,
मानेवर दोन्ही वेण्या एकात गुंफायच्या
आणि वर दुमडून बांधायच्या,
जसं आपण धोतराचा काचा खोचतो
तसं. हसू नको, तुझ्याकडे नसेल खोचत,
माझ्या बापाने आयुष्यभर खोचला.

कानशिलाजवळ हात ढिला ठेव.
तिथले केस लेकुरवाळे, ओढले की जातात,
मग येत नाहीत.
केवळबाईचं कपाळ बघ, किती वर गेलंय.
ती म्हणते शहाणपण वाढलं.

वैजंताच्या वेळी पट्ट्याला जाळी नव्हती.
आता आहे.
ती गेटबाहेर चहा विकते,
पदर डोक्यावरून खाली येत नाही, वैशाखातही.
तिला काही विचारू नको.
चहा मात्र तिच्याकडूनच घे.

मंगळवारी टाळू खाजेल.
नख लावायचं नाही. फणीचा दात भांगातून फिरव,
दोन थेंब पाणी, दोन थेंब तेल, बस.
गुरुवारपर्यंत कपाळावरचे बारके सुटतील,
घामाने वळतील, वर रुई बसेल,
आरशात तू म्हातारी दिसशील.
तेव्हा पुढची एकच बट उसव आणि पुन्हा घाल.
अख्खी वेणी नाही.
फाटतं तेवढंच शिवायचं असतं.

आणि झोपताना फडकं गुंडाळ.
सुती नको.
सुती तेल पिऊन टाकतं, केस कोरडे करतं.
माझ्याकडे लग्नातला नायलॉनचा ब्लाऊजपीस आहे,
कधी शिवला नाही, गुळगुळीत, मोरपंखी.
बघ कशी गंमत,
दिवसभर कापसात उभ्या असणाऱ्या आम्ही
रात्री डोक्याला कापूस शिवू देत नाही.

रविवारी सोडायची.
म्हणजे नळाला पाणी येईल तो रविवार,
मग तो बुधवार का असेना.
रिठे रात्रीच भिजत घाल.

माझी? माझी केवळबाई घालते.
हात जड तिचा.
"दुखस का वं?" विचारते
आणि उत्तर ऐकायच्या आत पुढचा पेड ओढते.
तिची शेवंती घालते, शेवंतीची मी.
अशा अकरा जणी, पहाटे, भोंग्याआधी,
एकीच्या पाठीमागे एक.
तू बारावी.

शेठ गाठी मोजतो.
झाडलेली रुईसुद्धा काट्यावर जाते,
वॉचमन संध्याकाळी डबे उघडून बघतो.
वेण्या कोण उघडून बघणार?
सोडल्या की पेडापेडातून निघते ती,
पिवळट, तेलकट, चिमूटभर.
मी डालड्याच्या डब्यात टाकत जाते.
गेल्या साली दिवाळीपासून शिमग्यापर्यंत
अकरा डोक्यांतून एवढीशी उशी झाली,
तळहाताएवढी.
केवळबाईच्या नातीला दिली. डोकं घट्ट,
गोल राहिलं पोरीचं.
चोरी आहे की नाही ते मला ठरवता आलं नाही.

हालू नको आता.
हा उजवा पेड धरून ठेव, घट्ट नाही, नुसता धर.
दोरा कुठे ठेवला मी.