र अक्षराची बैठक

टार्टूच्या त्या तिसऱ्या मजल्यावर
दर गुरुवारी आम्ही माणसं मोजायचो.
रेडिएटर खाकरत असे, कॉफी गार होत असे,
आणि एव्हाल्द कीस्लर, विश्वकोशाचे मुख्य संपादक,
एकेक कार्ड वर धरून विचारत :
घ्यायचं?

हेल्वे रूबेल.
जन्म मुस्तवे, मृत्यू मुस्तवे.
पैप्सी सरोवराच्या काठी एकेचाळीस हिवाळे
रोज सकाळी सातला बर्फाला भोक पाडून
आत गज सोडणारी बाई.
आकडा वहीत. मग खांबाला फडकं :
लाल, तर घरी बसा.
पांढरं, तर जा, टाका जाळी.

पुरस्कार? नाही.
ग्रंथ? वह्या आहेत, एकशे तेवीस.
काहींना अजून माशांचा वास येतो.
वह्या म्हणजे ग्रंथ नव्हे, कीस्लर मृदूपणे म्हणाले.
ते सगळं मृदूपणेच म्हणत, तोच तर त्रास.
तिच्यावर कुणी तिऱ्हाइताने लिहिलंय काही?

मी ग्रंथालयात तीन दिवस कात्रणं उपसली होती.
तिच्या आधी जो गडी गज टाकायचा
त्याच्या वेळी चौदा जण घोड्यांसकट बुडाले.
पानभर बातमी, काळी चौकट,
त्या गड्याचा फोटोसुद्धा, टोपी हातात.
हिच्या एकेचाळीस वर्षांत कुणी बुडालं नाही.
न बुडालेल्यांची बातमी
कोण छापतो?

काठावर कांदे पिकवणारा म्हातारा फेक्लिस्त
कांद्यांची वेणी गुंफता गुंफता मला म्हणाला होता :
तिची नोंद? महाभांडकुदळ बाई.
माझ्या लग्नाला लाल फडकं लावलं तिने.
नवरी बेटावर, मी इकडे. नऊ दिवस.
मग वेणी संपेपर्यंत गप्प.
निघताना चार कांदे हातात कोंबले.
हे मी बैठकीत सांगितलं.
संदर्भसूचीत कांदे धरत नाहीत.

त्याच दुपारी र मध्ये
एक सेनापती गेला, तीन परिच्छेदांचा,
आणि घोड्यांची एक जात.
हेल्वे रूबेल : पाच विरुद्ध एक.
माझा हात कोपरापर्यंतच वर गेलेला,
लेखनिकाने तो कुठेच धरला नाही.

संध्याकाळी प च्या खंडाची प्रूफं आली.
पैप्सी, सरोवर. क्षेत्रफळ, खोली, मासे.
मार्चमधली बर्फाची सरासरी जाडी :
पुढे कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवलेलं.
मी वह्या काढल्या.
एकेचाळीस मार्च, बाराशे एकाहत्तर सकाळी,
त्यातली एक कोरी, तिथे नुसतं 'ताप'.
साडेअकरापर्यंत बेरीज. बाराशे सत्तरने भागलं.
त्रेपन्न सेंटिमीटर.
लिहिलं. प्रश्नचिन्ह खोडलं.

बाहेर नदी गोठली होती.
पुलाचा वळसा नको म्हणून दोन विद्यार्थी
हसत बर्फावरून पलीकडे निघालेले.
मी काठावरच थांबले,
फडकं कुठे दिसतं का
बघत.