मुका मार

रक्त नाही आलं, हाच घोटाळा झाला.
वजनकाट्याच्या केबिनचं अर्धं ओढलेलं शटर,
पावती घेऊन मी वाकलो, उठलो, आणि ठक्क.
एवढंच.
रामजस क्रेनवरून हसला, मीही हसलो,
चहा घेतला, आणि भंगाराच्या पुढच्या तीन गाड्या
बिनचूक लिहिल्या.

तिसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा
डोक्यात कुणीतरी भट्टी लावून गेलं होतं.

जालन्यातच स्कॅन झाला. नॉर्मल.
मेहुण्याने फिल्म खिडकीकडे धरली, उलटी,
म्हणाला, "काहीच तर नाही, दाजी!"
ते 'काहीच तर नाही'
अकरा महिने माझ्या कपाळावर बसून राहिलं.

ट्यूबलाइट नको. कुकर नको. शेजारच्या पोराची पिपाणी नको.
कुशावर्तेने सुंठ उगाळली, फडकं आवळलं,
शेवटी मिक्सर माळ्यावर टाकला
आणि मोरीमागचा जुना पाटा बाहेर ओढला,
घासून घासून इतका गुळगुळीत
की मिरची त्याच्यावरून नुसती घसरायची.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं?"
संभाजीनगरच्या डॉक्टर तहसीननी विचारलं.
वीस वर्षं मी वजनंच लिहितोय.
भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी म्हणजे माल.
पण माझं डोकं रिकामं होतं तेव्हा
कुणी काट्यावर घेतलंच नव्हतं.
"सात," म्हणालो,
भाव वाढवून सांगितल्यासारखा ओशाळून.

"अंगात कुठे धातू? स्क्रू, पट्टी?"
जालन्याचा माणूस मी, मॅडम,
नाक शिंकरलं तरी काळं निघतं.
त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं: नाही.

चुंबक मला नवा नव्हता.
रामजसच्या क्रेनला जात्याएवढा लटकतो:
बटण दाबलं की मोडक्या सायकली, ट्रंका, नांगराचे फाळ
चिकटून वर,
सोडलं की सगळं धाडकन खाली.
मला वाटलं, दुखणंही तसंच उचलतील,
नेऊन टाकतील कोपऱ्यात.

तसं नसतं.
आठाच्या आकड्यासारखं कडं डोक्याशी टेकवतात.
टक. माझा अंगठा उडाला,
मला न विचारता.
"जागा सापडली," टेक्निशियन पोरगा म्हणाला,
तिथून त्याने टेपने मोजलं, टोपीवर पेनाने फुली मारली.
मग टकटकटकटक. थांबा. टकटकटकटक.
कानात बोळे होते तरी
तो आवाज कुठंतरी ऐकलेला वाटत होता, आठवत नव्हता.

दहा दिवस. पहाटेची बस,
बदनापूरच्या प्रत्येक गतिरोधकाला
डोकं दोन्ही हातांत धरून.
वहीत: सात, सात, आठ, सहा, सात.
"सगळ्यांना गुण येतो का?"
"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काहींना येतो.
का येतो, किती टिकतो, ते आम्हीही अजून शिकतोय."
परतीच्या बसमध्ये मला उगीच हलकं वाटलं.
अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी
'काहीच नाही' न म्हणता
'माहीत नाही' म्हणालं होतं.

मग एका दुपारी गल्लीत हाक आली, टाकीयेऽऽ.
कुशावर्तेला राहवलं नाही, तिने पाटा पुढे केला,
आणि पहिल्या घावालाच धावली बाईचा हात धरायला,
माझ्या खोलीकडे बोट दाखवत.
मी दारात आलेलो.
टक टक टक टक, छिन्नीखाली दगडाला
पुन्हा बारीक दात फुटत होते.
हाच तो आवाज.
"चालू द्या," म्हणालो.

बाईने पदराने पाटा पुसला.
"पयलं वाटण खाऊ नका, माय, कच येती.
टाकून द्यायचं. दुसरंबी.
मंग बगा."

रात्री आठवलं, वहीत आजचा आकडा राहिलाय.
पेन उघडलं, मान जरा हलवून पाहिली.
पाच.
खोडलं. साडेपाच.