तोंडात साखर

सव्वीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला, कडेला कात्री चुकलेली.
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
आता निवृत्त. आता एकच वस्तू तपासते:
देवघराशेजारच्या खणात, उन्हापासून लांब,
नारिंगी डबी. तिच्यावरची तारीख.
दर महिन्याच्या एकला,
पेन्शन जमा झाली का हे बघायच्याही आधी.

ऋजुताला अकराव्या वर्षी मधुमेह निघाला.
तिला त्याच दिवशी समजला, मला दोन वर्षांनी.
"इन्सुलिन साखर उतरवतं, आई.
ती फारच खाली गेली, मी ओ देईनाशी झाले,
तर ही डबी. ग्लुकागॉन. माझं मला घेता येणार नाही.
तुलाच द्यायचंय."

पहिल्या डबीची मुदत संपली तेव्हा तिने मला समोर बसवलं.
मध्ये एक पेरू.
"टोच."
सुईतलं पाणी कुपीतल्या पावडरीत सोडायचं,
मग कुपी फिरवायची, खळखळून नाही.
"ताक करत नाहीयेस. नैवेद्याभोवती पाणी फिरवतेस ना, तसं."
नितळ झालं तरच घ्यायचं. कण तरंगत असतील तर नाही.
हे मला शिकवायला नको होतं,
सदोष नोट मी कधी पुढे जाऊ दिली नाही.
तीनदा टोचलं. तिसऱ्यांदा हात थरथरला नाही.
तो पेरू कुणी खाल्ला नाही.

डॉक्टर पाळदे म्हणाले, लिव्हरमध्ये साखरेची शिल्लक असते,
हे औषध म्हणजे तिजोरीची किल्ली.
उपाशी माणसाची तिजोरी रिकामी,
किल्ली फिरेल, हाताला काही लागणार नाही.
तेव्हापासून संकष्टी माझी एकटीची.

फेब्रुवारीतली रात्र. थंडी अजून हटली नव्हती.
संध्याकाळी मैत्रिणींबरोबर पांडवलेण्याच्या पायऱ्या
पैजेने दोनदा चढली-उतरली,
आणि ताटात अर्धी पोळी ठेवून झोपली.
तीन वाजता तिचा गाऊन घामाने पिळण्याजोगा.
हाक मारली. गालावर चापट्या मारल्या.
ओ नाही.

भिंतीपलीकडून गायखे काकू धावत आल्या,
वाटीत साखर, साखरेत चमचा.
ऋजुता दहावी झाली तेव्हा, माझं प्रमोशन झालं तेव्हा,
ज्या बाईने मला म्हटलं होतं, तुझ्या तोंडात साखर पडो,
तिचं मनगट मी धरलं.
"नको. तिला गिळता येत नाहीये. श्वासात जाईल."
काकू वाटी घेऊन तशाच उभ्या,
आहेर परत आल्यासारख्या.

पाणी. पावडर. नैवेद्य.
नितळ.
मांडीच्या बाहेरच्या बाजूला, सरळ.

पेरूपेक्षा किती मऊ होती माझी मुलगी.

मग तिला कुशीवर वळवलं,
उलटी झालीच तर घशात अडकू नये म्हणून.
एकेकाळी कूस माझी होती, ती तिच्यात होती.
आता कूस म्हणजे नुसती डावी बाजू.

काकूंनी १०८ लावला. पत्ता दोनदा सांगितला,
जेलरोड, पाण्याच्या टाकीसमोर.
मी घड्याळाकडे बघत बसले.
स्टेशनाकडून एक मालगाडी जात होती,
डबे संपेचनात.

अकराव्या मिनिटाला तिने भुवई आखडली.
ओकली.
मग डोळे न उघडताच,
"किती जोरात टोचतेस गं."

आता साखर. आता चालते.
नीट जागी झाल्यावर, उठवून बसवून, घोट घोट पाण्यातून,
आणि वर पोळी, कारण किल्लीने उघडलेलं
फार वेळ उघडं राहत नाही.
काकूंनी स्वतःच्या हाताने पेला धरला.
"पडली बाई एकदाची," म्हणाल्या,
आणि पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

सकाळी डॉक्टरांनी तिची वही मागितली,
चढणीच्या दिवसांचा डोस बदलून दिला,
पैजेबद्दल जे बोलले ते मी लिहीत नाही.

खणातली जागा रिकामी आहे.
औषधवाला म्हणतो, पाच दिवस. मी म्हटलं, तीन.
या वेळी दोन डब्या मागवल्यात.
येताना एक किलो पेरू घेतले, जरा कडकच.
दुपारी काकूंना बोलावलंय.